वर म्हणजे कुठे?

नोव्हेंबर सरत आला की सेरंगूनच्या मॉलच्या दाराशी ओल्या छत्र्यांना घालायच्या लांबोळक्या पिशव्यांचं स्टँड येऊन उभं राहतं. सिंगापूरमध्ये ऋतू बदलल्याची खूण म्हणाल तर एवढीच. झाडं वर्षभर तशीच हिरवी, पंखा वर्षभर त्याच आकड्यावर, आंबे वर्षभर कुठल्या ना कुठल्या देशाचे. फक्त या दिवसांत दुपारी आभाळ भरून येतं आणि पाऊस असा कोसळतो की समोरच्या ब्लॉकवरचा नंबर दिसेनासा होतो. तासाभरात सगळं आटोपतं. पाणी मोठाल्या नाल्यांतून निमूट समुद्राकडे निघून जातं. इथलं पाणीसुद्धा रांग मोडत नाही, असं मंदार म्हणतो. मंदार माझा नवरा. तो जहाजावर चीफ इंजिनीअर आहे, आणि निम्मं वर्ष घरी नसल्यामुळे उरलेल्या निम्म्या वर्षात त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

परवा ते स्टँड दिसलं. मी छत्रीला पिशवी घातली आणि सवयीने फोनवर हवामान बघितलं. माझ्या फोनवर तीन गावांचं हवामान आहे. एक सिंगापूर, जिथलं ते बघण्यात फारसा अर्थ नसतो. दुसरं माझं माहेर, चिपळूणच्या पुढचं खाडीकाठचं एक गाव. आणि तिसरं कॅनडाच्या पार उत्तरेला, एका रुंद नदीच्या काठी वसलेलं, जेमतेम मूठभर घरांचं गाव. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला ते अजून धड उच्चारता येत नाही आणि चुकीचं लिहिलं तर तिथल्या लोकांना वाईट वाटेल. तिथे बर्फ पडत होता. चला, नदी गोठायला लागली, असं मी मोठ्याने म्हणाले.

“आई, व्हाय यू ऑल्वेज चेक देअर?” आमची लेक ईरा बरोबर होती, ती म्हणाली. “यू नेव्हर गो देअर वन, लाह.”

गेले नाही हे खरं. जायची काही शक्यताही नाही. पण त्या गावाच्या नदीचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. कुठे ती दोन फाट्यांत विभागते, कुठे फाटे पुन्हा एक होतात, कुठे तिने जुनी वाट सोडून नवी धरली आणि जुनीचं नखाएवढं तळं मागे ठेवलं, हे मी डोळे मिटून सांगेन. सेरंगूनमध्ये मात्र दहा वर्षं राहूनही मॉलच्या कुठल्या दाराने बाहेर पडलं की बसचा थांबा लागतो, ते मला दर वेळी ईराला विचारावं लागतं.

ज्या पावसाळ्यात आम्ही त्या गावाचा नकाशा काढला, तो असा फोनमधून अधूनमधून माझ्याकडे परत येतो. आमचं ऑफिस तेव्हाही तांजोंग पगारलाच होतं, एका जुन्या शॉपहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली कोरियन बार्बेक्यूचं हॉटेल. संध्याकाळ व्हायला लागली की भाजलेल्या मटणाचा वास जिन्यातून चढत येई आणि कौस्तुभ खिडकी उघडायला उठे. खिडकी उघडली की पाऊस आत. कौस्तुभ पुण्याचा, कट्टर शाकाहारी, आणि ऑफिसात माझ्याशिवाय मराठी बोलणारा एकटाच. एसी असा की मी खुर्चीला कायमची शाल बांधून ठेवली होती. आम्ही उपध्रुवीय प्रदेशाचे नकाशे काढतो आणि हवामानही तेच ठेवतो, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो.

काम काय, तर नकाशे. उत्तरेकडे बर्फ वितळल्यावर आणि झुडपांना पानं फुटायच्या आधी थोडेच दिवस जमीन उघडी दिसते. तेवढ्यात एक विमान त्या नदीवरून हेलपाटे घालतं आणि खाली लेझरचा मारा करत जातं. लेझर जिथे आपटेल तिथे एक ठिपका, आणि त्या ठिपक्याची उंची. अशा ठिपक्यांचं अक्षरशः पीठ आमच्याकडे यायचं. ते चाळायचं, जमीन कुठली, पाणी कुठलं, नुसतं झुडूप कुठलं ते वेगळं करायचं आणि मग उंचीच्या रेषा काढायच्या. शाळेत भूगोलाच्या पेपरात आपण सगळ्यांनी समोच्च रेषा काढल्या आहेत. तिथे डोंगर असायचा, त्यामुळे कांद्याच्या चकत्या काढल्या की गुण मिळत. इथे डोंगर नव्हता. इथे सगळंच सपाट, ओलं, आणि मनात आलं तर जमीन आणि मनात आलं तर पाणी. शेवाळाचे जाडजूड थर, त्यावर लव्हाळं, त्यात डबकी, डबक्यांच्या मधे वाळुंजासारखी खुरटी झुडपं. रेषा काढायला घ्यावी आणि ती कुठे जाईल याचा तिलाही पत्ता नसावा.

कौस्तुभ या सगळ्याला सरसकट दलदल म्हणायचा. मी त्याला हळूहळू भरतीचं पाणी शिरतं ते खाजण शिकवलं, ओढा म्हणजे वहाळ शिकवला, डोह म्हणजे कोंड आणि वाळूची पुळण शिकवली. आमच्याकडे ओल्या जमिनीला शब्दांची टंचाई नाही. महिन्याभराने तो स्क्रीनवर बोट ठेवून “ताई, हे खाजण की नुसता चिखल?” असं अगदी सराईतपणे विचारायला लागला. पुण्याच्या माणसाच्या तोंडी खाजण ऐकताना मला फार गंमत वाटायची.

आमची मॅनेजर श्यू लिंग, इथलीच, तोआ पायोमध्ये वाढलेली. आमचं मराठी तिला चालायचं. फक्त ते लांबलं की ती कॉफीचा कप घेऊन मागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “यू टू क्वारलिंग ऑर वर्किंग?” बहुधा दोन्ही चाललेलं असायचं.

त्या गावाला नकाशा कशासाठी हवा होता ते आम्हाला ॲग्नेसने सांगितलं. ॲग्नेस गावच्या पंचायतीवर होती, साठी उलटलेली, केसांच्या दोन वेण्या, व्हिडिओवर बोलताना कायम स्वयंपाकघरात. आमची सकाळ आणि तिची संध्याकाळ. तिने नदीचा स्वभाव सांगितला. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. वसंतात तिचा उगमाकडचा, उबेचा भाग आधी वितळतो आणि पाणी निघतं. पण पुढे, मुखाकडे, अजून सगळं गोठलेलंच असतं. मग बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढतात, वाट बुजते, आणि तुंबलेलं पाणी गावात शिरतं. अलीकडे दर मे महिन्यात शिरायला लागलं होतं. शाळेच्या जमिनीच्या फळ्या फुगल्या होत्या, भिंतींना बुरशी लागली होती. म्हणून गावाने ठरवलं होतं की आधी शाळा हलवायची, मग घरं. तिथे लाकडी इमारत खालून उचलतात आणि हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून ओढत नेतात.

कुठे न्यायची तेही मनात ठरल्यासारखं होतं. गावापासून थोडं पुढे, नदीच्या मोठ्या वळणावर एक उंचवटा होता. तिथे वारा असतो म्हणून डास कमी, जवळच मासे धरायची जाळी, आजोबा-पणजोबांपासूनची उन्हाळ्यातली मुक्कामाची जागा. सगळ्यांचा जीव त्याच जागेवर. आमच्या नकाशाने एवढंच सांगायचं होतं की तो उंचवटा पुरेसा उंच आहे की नाही.

“शाळा आम्ही एकदाच हलवू शकतो,” ॲग्नेस म्हणाली. “दुसऱ्यांदा हलवायचं बळ कोणात नाही. तेव्हा नीट बघा.”

फोन बंद झाल्यावर मी स्क्रीनवर ती शाळा शोधली. ठिपक्यांचा एक लहानसा आयत, मधे वर आलेली छपराची रेघ, आणि दारापासून घरांकडे गेलेली एक बारीक खोलगट पायवाट. लेझरला पोरं दिसत नाहीत, पण पोरांनी तुडवलेली वाट दिसते. मी जरा वेळ तिच्याकडेच बघत बसले. आपण खाडीकाठी वाढलो, ओटीवर पाणी चढताना बघितलंय, आणि आता कुणाची तरी शाळा आपल्या रेषेवर उभी राहणार, या विचाराने मला खरंच घाबरल्यासारखं झालं.

काम दोघांत वाटून घ्यायचं होतं. गाव मधोमध आहे, तेव्हा गावाच्या अलीकडची नदी एकाने आणि पलीकडची दुसऱ्याने घ्यावी हे सरळच होतं. मी कौस्तुभला म्हटलं, “वरचा भाग तू घे, खालचा मी घेते.” तो म्हणाला, “चालेल, ताई.” हे इतकं साधं बोलणं झालं की ते पुन्हा तपासून बघावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग ते सुंदर आठवडे सुरू झाले. सकाळी आउट्रम पार्कला गाडी बदलताना खांद्यावरून पाणी निथळतंय, ऑफिसात आल्यावर शाल गुंडाळून घेतलीय, आणि बाहेर पाऊस पडत असताना आत मी एका गोठणाऱ्या नदीच्या काठाने बोटभर बोटभर पुढे सरकतेय. दुपारी हॉकर सेंटरला. जागा धरायला टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट टाकायचं आणि मगच रांगेत जायचं, ही इथली रीत मला अजून अचंबित करते. आमच्याकडे एसटीत रुमाल टाकला तरी भांडणं होतात. कौस्तुभ रोज त्याच काउंटरवर जाऊन “नो मीट, नो फिश, नो एग” असं म्हणायचा आणि काउंटरवरच्या काकू त्याला रोज विचारायच्या, “प्रॉन कॅन?” तो रोज नाही म्हणायचा. आजही तो तिथेच जेवतो आणि काकू आजही विचारतात.

रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला जायचो. मंदार तेव्हा सुट्टीवर होता. ईरा सायकलवर पुढे, आम्ही दोघं मागून चालत. समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी असायची आणि मंदार लांबूनच एकेकाचं कूळ सांगायचा. ईस्ट कोस्टची ती जमीन समुद्रात भर टाकून केलेली, टेबलासारखी सपाट. इथे नकाशाप्रमाणे जमीन बनवतात आणि आपण तिकडे जमिनीप्रमाणे नकाशा बनवतोय, असं मी म्हटलं तर मंदार म्हणाला, दोन्हींत सोपं कुठलं? मी म्हटलं, इथलं. इथली जमीन सांगितलेलं ऐकते.

आणि मग श्यू लिंग एक दिवस म्हणाली की दोन्ही भाग जोडून दाखवा.

आम्ही जोडले. म्हणजे एकाच फाइलमध्ये उघडले. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात रेषांची नुसती गर्दी, जाळ्यात जाळं अडकावं तशी. आणि खालचा अर्धा भाग करडा, कोरा, स्वच्छ.

“ताई, तुमचा भाग कुठेय?” कौस्तुभ म्हणाला.

“हा काय. तुझा कुठेय?”

“हा काय.”

आमची दोघांची बोटं एकाच ठिकाणी होती.

मग माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या पाठोपाठ त्याच्याही. नदीचा वरचा भाग म्हणजे जिथून पाणी येतं तो. आमच्याकडे शेंबड्या पोराला हे कळतं. वरून पाणी येतं, खाली जातं. ही नदी उत्तरेला वाहते, म्हणजे तिचा वरचा भाग दक्षिणेला, स्क्रीनच्या तळाशी. मी कौस्तुभला दक्षिण दिली होती आणि स्वतः उत्तर घेतली होती. आणि पुण्यात, नकाशाची शिस्त असलेल्या घरात वाढलेल्या कौस्तुभसाठी वर म्हणजे कागदाची वरची बाजू. त्यानेही उत्तरच घेतली होती. आम्ही दोघांनी मन लावून, शेजारी शेजारी बसून, तोच अर्धा भाग केला होता. उरलेल्या अर्ध्याला कुणी हात लावला नव्हता, आणि नकाशा द्यायचा दिवस अगदी तोंडावर आला होता.

“नकाशात वर म्हणजे उत्तर, ताई. याच्यात वाद कसला?”

“अरे, पण मी नदीचं बोलत होते. पाणी कधी खालून वर वाहतं का?”

त्याने स्क्रीनकडे बघितलं, नदीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “ही वाहते ना.”

श्यू लिंगला समजावणं आणखी कठीण गेलं. मी इंग्रजीत म्हटलं की आमच्या भाषेत अप म्हणजे कधी कधी डाऊन असतं. ती म्हणाली, “अप इज अप, व्हॉट. हाऊ कॅन अप बी डाऊन?” शेवटी मी तिला कागदावर माझ्या माहेरचा नकाशा काढून दाखवला. आमच्या गावात वरची आळी पूर्वेला आहे आणि खालची पश्चिमेला, कारण पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडी. आमच्याकडे उत्तरेला कुणी वर म्हणत नाही. उत्तरेला कुणी काहीच म्हणत नाही, तिकडे फक्त शेजारचं गाव आहे. तिने कागद नीट बघितला आणि म्हणाली की आजपासून ऑफिसात नॉर्थ आणि साऊथ, दुसरा शब्द नाही.

घरी येऊन हे सांगितलं तर मंदार जेवता जेवता ठसकाच लागेपर्यंत हसला. त्याच्या जहाजावर वर म्हणजे ब्रिज, जिथे कॅप्टन आणि मंडळी चहा पीत समुद्र बघतात, आणि खाली म्हणजे इंजिनरूम, जिथे खरं काम चालतं. ईराला वर म्हणजे नवरामुलगा, लग्नपत्रिकेत वाचलेला. माझ्या आईला फोन केला, तर तिने आधी घाबरून विचारलं, कोण गेलं वर? एवढासा दोन अक्षरांचा शब्द, त्यात डोंगर, उत्तर दिशा, कॅप्टन, नवरामुलगा आणि मरण, सगळे दाटीवाटीने राहतात आणि एरवी कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. मी हसत होते, पण ॲग्नेसचं “नीट बघा” काही केल्या कानांतून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ वैतागून म्हणाला की फुकट गेलेलं काम निदान एकमेकांवर ठेवून तरी बघू. आमच्या दोघांच्या उंच्या जिथे जुळत नसतील तिथे लाल रंग दे, असं त्याने कॉम्प्युटरला सांगितलं. बहुतेक सगळीकडे आम्ही जुळत होतो. मला बरं वाटलं. कुठे कुठे लाल शिंतोडे होते. आणि एका जागी तळहाताएवढा लाल डाग होता. तो नेमका मोठ्या वळणावरच्या उंचवट्यावर होता.

माझ्या नकाशात उंचवटा पुरुषभर होता, कौस्तुभच्या नकाशात जेमतेम गुडघाभर. मला तिथे दाट, एकसारखी, बांधासारखी लांब गेलेली उंची दिसली होती आणि मी ती जमीन धरली. खाजणाच्या बांधावर लहानपण गेलेल्या कुणालाही तो बांधच वाटला असता. कौस्तुभने मात्र तिथे कीस काढला होता. झुडपाचा ठिपका आणि शेवाळाचा ठिपका वेगळा करत करत तो आत शिरला होता, आणि सगळं खरवडून झाल्यावर त्याच्या हाती एवढीशी जमीन लागली होती. इतर दोन-तीन ठिकाणी त्याने असाच खरवडता खरवडता खरा काठही खरवडून टाकला होता, तिथे मी बरोबर होते. तेव्हा इथे कोण बरोबर, हे ऑफिसात बसून सांगता येत नव्हतं. आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता. वाटणी माझ्या मनाप्रमाणे झाली असती तर हा भाग माझ्या एकटीकडे असता, आणि शाळा पुरुषभर उंचवट्यावर गेली असती.

श्यू लिंग आमच्या मागे उभी होती. आता ती काय म्हणते याकडे आमचं लक्ष होतं. एकच नकाशा देऊन टाकणं सोपं होतं. दोघांची सरासरी काढून देणं त्याहून सोपं होतं. तिने कॉफी संपवली, कप ठेवला आणि म्हणाली, “टेल देम. टेल देम वी डोन्नो.”

त्या शनिवार-रविवारी आम्ही तिघांनी उरलेली दक्षिण संपवली. श्यू लिंगने कित्येक वर्षांत रेषा काढली नव्हती. ती चष्मा कपाळावर चढवून बसली आणि आम्हा दोघांपेक्षा झरझर पुढे गेली. मंदार डबे घेऊन आला, आमच्यासाठी भात आणि तळलेली सुरमई, कौस्तुभसाठी वेगळी बटाट्याची भाजी. बाहेर धो धो पाऊस. मधेच श्यू लिंगने सुरमईचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि मंदारला रेसिपी विचारली, आणि जन्मात कढईला हात न लावलेल्या मंदारने ती बेधडक सांगितली. त्या दोन दिवसांइतकी मजा मला ऑफिसात कधीच आली नाही. दक्षिणेच्या त्या भागात, गावाच्या वर, म्हणजे माझ्या अर्थाने वर, नदीपासून जरा आत आणखी एक उंचवटा निघाला. त्यावर स्प्रूसची उंच, सूचिपर्णी झाडं होती आणि ती सरळ उभी होती. ओल्या, भुसभुशीत जमिनीत तिथली झाडं वाकडीतिकडी कलतात. सरळ झाडं म्हणजे खाली भक्कम जमीन.

मग ॲग्नेसला फोन. मी सगळं सांगितलं. आधी वाटणीचा गोंधळ, कारण तो सांगितल्याशिवाय दोन नकाशे कुठून आले तेच कळलं नसतं. ‘वर’ या शब्दाचा अर्थ सांगता सांगता मला वाटलं, आता ही म्हणणार, असल्या लोकांच्या हाती आम्ही शाळा दिली.

ती हसायला लागली. इतकी की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाली, “आमच्या भाषेतही वर म्हणजे जिथून पाणी येतं ते. माझ्या आजीने जन्मात उत्तर-दक्षिण म्हटलं नाही. चुलीवरची किटलीसुद्धा जरा नदीच्या वरच्या अंगाला सरकव म्हणायची. तू बरोबर सांगितलंस. उलटा तुमचा कागद आहे.”

मला एकदम भरून आलं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मी कधी बघणार नाही अशा एका स्वयंपाकघरात, कुणाची तरी आजी माझ्या आजीसारखं बोलत होती. कौस्तुभने मात्र पडेल चेहऱ्याने विचारलं की म्हणजे ताईच बरोबर का? ॲग्नेस म्हणाली की हो, कायम.

उंचवट्याचं ऐकल्यावर तिचं हसू गेलं. त्या वळणावर तिच्या घरची जाळी होती. शाळा तिथे जावी हे सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं. मग म्हणाली, ठीक आहे, तुम्हाला माहीत नाही म्हणता तर आम्ही जाऊन बघतो. नदी नीट गोठल्यावर गावातले चारजण स्नोमोबीलवरून गेले, बर्फ बाजूला सारला, झुडपं तोडली, शेवाळात पहार खुपसली आणि मोजलं. गुडघाभर. पुढचा महिनाभर कौस्तुभ माझ्यासमोरून जाताना नुसता गुडघ्याला हात लावायचा. मी त्याला लिटल इंडियातून पेढे आणून दिले आणि वर सांगितलं की शब्द मात्र माझाच बरोबर.

पुढच्या हिवाळ्यात शाळा निघाली. ॲग्नेसने व्हिडिओ पाठवला. एक ट्रॅक्टर, मागे लाकडी घसरगाड्यांवर अख्खी शाळा, खिडकीतले पडदे तसेच, आणि मागून सगळं गाव चालतंय. स्प्रूसच्या उंचवट्याकडे जायला कुणी फार खूष नव्हतं. तिथे वारा नाही, उन्हाळ्यात डास फोडून खातात, जाळी लांब. काहीजण ॲग्नेसवर रागावले होते, आणि तिच्या आडून बहुधा आमच्यावर. एका नकाशासाठी आवडीची जागा सोडली, आणि पाणी आलंच नाही तर? आणि स्प्रूसचा उंचवटाही खोटा निघाला तर?

त्या वर्षीचा मे मला आठवतो तो उकाड्यामुळे नाही. बर्फ फुटल्याची बातमी आली, लाद्या चढल्याची आली, आणि मग चार दिवस काहीच आलं नाही. मी डाळीत मीठ दोनदा घातलं, ईराची फी भरायची विसरले. कौस्तुभही फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवत होता. मग गावातल्या कुणीतरी टाकलेला एक फोटो दिसला. मोठ्या वळणावर नुसतं करडं पाणी, त्यात बर्फाच्या लाद्या, आणि झुडपांची फक्त टोकं वर आलेली. शाळा त्या फोटोत नव्हती.

ॲग्नेसचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी आउट्रम पार्कच्या फलाटावर होते. पाणी आलं आणि गेलं, असं तिने लिहिलं होतं. शाळेच्या पायरीलाही लागलं नाही. दर वर्षी या दिवसांत शाळा बंद असते, यंदा एकही दिवस बंद ठेवावी लागली नाही, आणि गावातली यच्चयावत पोरं सिंगापूरच्या बाईवर भयंकर चिडलेली आहेत.

माझ्यावर एवढी पोरं एकदम कधीच चिडली नव्हती. मी तिथल्या बाकावर बसले, आधी हसले, मग रडले, आणि दोन गाड्या जाऊ दिल्या.